चांगुणाबाईची पात

चांगुणाबाईला दिवसातून नऊ-दहा ग्लास पाणी पाजलं जायचं आणि त्यातला एखादाच तिला हवा असायचा. बाकीचे ती लेकीचं मन राखायला रिकामे करायची. पाणी पाजणं म्हणजे समोरच्याला हरवणं, असाही एक अर्थ आपल्याकडे आहेच. लेक तिला रोज पाणी पाजत होती, दोन्ही अर्थांनी, आणि बिचारीला त्याचा पत्ताच नव्हता.

झालं होतं असं. गेल्या साली सोयाबीन काढायच्या दिवसांत चांगुणाबाईला लकव्यानं गाठलं. उजवा हात दोन-तीन महिन्यांत बऱ्यापैकी जागेवर आला, पाय घासत का होईना चालू लागला, पण जीभ रुसून बसली ती बसलीच. शब्द डोक्यात लख्ख असायचा. तो तोंडापर्यंत येताना मात्र पहिलं अक्षर उंबऱ्यात पाय रोवून उभं राहायचं आणि मागच्यांना पुढं येऊ द्यायचं नाही. ‘पा’ एवढं निघालं रे निघालं, की समोरचं माणूस माठाकडे धावलंच.

धावणारी बहुतेक वेळा बुद्धप्रिया असायची, चांगुणाबाईची एकुलती एक लेक. ती नांदेडला एसटीत कंडक्टर. आज या मार्गावर, उद्या त्या. प्रवाशानं ‘मु’ म्हणायचा अवकाश, मुखेडचं तिकीट मशीनमधून बाहेर. ‘ह’ला हदगाव, ‘ध’ला धर्माबाद. चौदा वर्षांत आपला अंदाज फार तर दहा वेळा चुकला असेल, असं ती स्वतःच सांगायची. आणि खोटं कशाला बोला, खच्चून भरलेल्या गाडीत प्रत्येकाचं वाक्य पुरं होऊ द्यायचं म्हटलं तर मधल्या पहिल्याच थांब्यावर सांज व्हायची. पण खाकी काढून खुंटीला अडकवता येते, सवय अडकवता येत नाही. घरी आईनं तोंड उघडलं की लेकीचं तिकीट तयार.

चांगुणाबाईला पाणी नको असायचं. तिला लेकीला हाक मारायची असायची. पारू.

हे नाव शाळेच्या दाखल्यावर नव्हतं. बाप व्यंकटीनं विहारात चार माणसांसमोर नाव ठेवलं ते बुद्धप्रिया, आणि मरेपर्यंत तो ते पूर्णच उच्चारायचा, एक अक्षर कमी करायचा नाही. पण पोरगी जन्मली होती लिंबाच्या पारावर. चांगुणाबाई खुरपणीहून घरी निघालेली, वाटेतच पोट दुखायला लागलं आणि सोबतच्या बायांनी पारावरच लुगड्यांचा आडोसा धरला. पारावर झाली म्हणून पारू. हे नाव जगात फक्त आई घ्यायची.

दवाखान्यात तिसऱ्या दिवशी बुद्धप्रिया उशाशी बसली होती. चांगुणाबाई म्हणाली, “पा...”

लेकीचा चेहरा फुलला. “पारू? माय, पारू म्हनलीस?”

आणि चांगुणाबाईनं मान हलवली. नाही. कारण त्या घडीला तिच्या घशाला कोरड पडली होती आणि तिला खरोखरच पाणी हवं होतं. तिनं बोटानं तांब्या दाखवला. लेकीनं चमच्यानं पाणी पाजलं. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. डॉक्टर सांगून गेले होते की काही शब्द जातील, काही नावं जातील, कुठली जातील ते आत्ताच सांगता येत नाही. पुढं महिन्याभरानं चांगुणाबाईनं नातीला हाक मारली, “सपू.” छोटं नाव, पटकन सुटलं. त्या दिवशी बुद्धप्रिया मोरीत नळ सोडून बराच वेळ भांडी घासत राहिली. भांडी दोनच होती. चांगुणाबाईनं ती मोजली होती.

तेव्हापासून लेकीनं पुन्हा कधी ‘पारू म्हनलीस का’ असं विचारलं नाही. नातीचं नाव राहिलं आणि आपलं गेलं, हे तिनं मनाशी धरून टाकलं. ‘पा’ म्हणजे पाणी, यावर तिनं शिक्का मारला. आणि बाजेवर बसलेल्या आईला हे सगळं कळत होतं, यासारखं दुःख नाही. आता आयुष्यात चांगुणाबाईला एवढं एकच काम उरलं होतं: लेकीला एकदा तिच्या नावानं हाक मारायची. शेवटच्या अक्षरापर्यंत.

गंमत बघा, हाकेची टंचाई पडली ती कुणाला, तर चांगुणाबाईला! मुखेडकडच्या तिच्या गावात तिनं तीस वर्षं बायांची टोळी चालवली होती, आणि तिची या रानातली हाक त्या रानात ऐकू जायची. खुरपणीला बारा-पंधरा बाया धुऱ्याला, म्हणजे रानाच्या बांधाला, ओळीनं बसायच्या. प्रत्येकीच्या पुढ्यात पिकाच्या दोन-तीन तासांचा, म्हणजे ओळींचा, पट्टा. त्याला म्हणायचं पात. खुरपत खुरपत समोरच्या धुऱ्याला पोचलं की पात संपली, मग वळून दुसरी धरायची. आता पाच बोटं सारखी नसतात. एखादी वाऱ्यासारखी पुढं जाते, एखादी रांगत राहते. इतर टोळ्यांत पुढची पुढं आणि मागची मागं. चांगुणाबाईच्या टोळीत तसं नव्हतं. सगळ्या धुऱ्यावर आल्याशिवाय कुणीही दुसरी पात धरायची नाही, हा तिचा पहिला कायदा.

रानाचे मालक रामकिशन यांना हे पटायचं नाही. “चांगुणे, ह्या बाया धुऱ्यावर बसून कामून राहिल्या? आनलीस त्यायला कामाला का गप्पायला?”

“मालक, तुमचे बैल वळताना एकामेकासाठी थांबतेत का न्हाई?” चांगुणाबाई खुरपं न थांबवता म्हणायची. “आमी तर मानसं हाव.”

रामकिशन टोपी सारखी करत पुढच्या रानाकडे निघायचे. आणि संध्याकाळी बघावं तर काम इतर टोळ्यांपेक्षा रतीभर कमी नसायचं.

दुसरा कायदा झाला तो केवळाबाईमुळं. तिला एका डोळ्यानं कमी दिसायचं. चालायची हळू, पण तिच्या मागं गवताची काडी सापडायची नाही. एकदा एका तरण्या बाईनं, भलं करायच्या नादात, न विचारता तिच्या पातीत खुरपं घातलं आणि बघता बघता उरलेली पात साफ करून टाकली. केवळाबाई धुऱ्यावर जाऊन बसली आणि पदरात तोंड घालून रडली. दोन दिवस कामाला आली नाही. तिसऱ्या दिवशी चांगुणाबाई तिच्या दारात गेली तेव्हा म्हणाली, “माजी पात माज्या हातातून काढून घेतली. मी काय मेल्ते का?”

त्या दिवसापासून टोळीत ठरलं. मागं राहिलेलीच्या पातीत परस्पर खुरपं घालायचं नाही. आधी तिला नावानं हाक मारायची, मग विचारायचं, “हात लावू का?” तिनं “लाव” म्हटलं तरच हात लावायचा. हाक मारणं आणि विचारणं हे मान चांगुणाबाईचे. शाळेच्या सुट्टीत दहा-अकरा वर्षांची पारूही यायची, हौसेनं मोठ्या बाईइतकी पात घ्यायची आणि अर्थातच मागं राहायची. पलीकडच्या धुऱ्यावरून हाक यायची, “पारूऽऽ! हात लावू का?” पोरगी हट्टी. घामानं निथळायची, तोंड लालबुंद व्हायचं, पण “लाव” असं एकदाही म्हणाली नाही.

मोठेपणीही ती तशीच. नवरा प्रीतम पुण्याला कंपनीत, महिन्यातून एकदा यायचा. हिचं पहाटे उठून डबे, ड्यूटी, येताना भाजी, आईच्या गोळ्या, लेकीच्या कॉलेजचं. चांगुणाबाईनं बसल्या जागी मेथीची जुडी सोडायला घेतली की ती हातातून काढून घ्यायची. “राहू दे माय, तू बस. तुला तरास नको.” चांगुणाबाईला प्रत्येक वेळी केवळाबाई आठवायची. लेक मायेपोटीच तिच्या पातीत न विचारता खुरपं घालत होती, आणि स्वतःची पात मात्र दिवसेंदिवस मागं पडत चालली होती. हाक मारून विचारावं, तर हाकच निघत नव्हती.

असं घोडं अडलेलं असताना घरात तो खेळ आला.

नात स्वप्नाली कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. दर रविवारी दुपारी तिचे दोघे मित्र यायचे. देगलूरकडची महादेवी, शेतकऱ्याची पोर, बोलायला फटकळ. आणि गुरुलिंग, ज्याला कुठल्याही गोष्टीत हरायचं नसे. खेळ मोठा मजेशीर. एकीनं गोष्ट रचत जायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. आपण काय करतो ते बोलून सांगायचं, आणि ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशानं ठरवायचं. गोष्ट चालू असते तोवर कुणी कधीही बोलावं. पण लढाई जुंपली की क्रम लावावा लागतो, नाहीतर सगळे एकदम तलवारी उपसतात आणि कुणाचं काय चाललंय ते कुणाला कळत नाही. चांगुणाबाई बाजेवर बसून ऐकायची. पहिल्या रविवारी तिला वाटलं पोरं भांडतायत. दुसऱ्या रविवारी कळलं की खरंच भांडतायत.

भांडण ढालीवरून होतं. गुरुलिंगनं मंत्र म्हणून जादूची ढाल उभी केली होती आणि ती एक टर्न टिकणार होती.

“एक टर्न म्हंजे धा राऊंड,” गुरुलिंग म्हणाला. त्यानं कुठूनसं एक जुनं इंग्रजी पुस्तक मोबाइलवर मिळवलं होतं. “हे बग, छापलंय.”

“धा राऊंड?” महादेवी उसळली. “तवर त्या राक्षसानं काय तुजी आरती ओवाळायची का? सपूच्या पुस्तकात बग. राऊंड मोठा, टर्न बारका. एका राऊंडात सगळ्यायचा एकेक टर्न.”

दोघांचंही खरं होतं, हीच तर अडचण. जुन्या पुस्तकात टर्नच्या पोटात राऊंड, नव्या पुस्तकात राऊंडच्या पोटात टर्न. त्यातून नव्या पुस्तकात अख्खा राऊंड सहा सेकंदांचा, जुन्यात मिनिटाचा. ज्यांनी खेळ काढला त्यांनीच असा घोळ घालून ठेवल्यावर नांदेडच्या पोरांनी कुठं डोकं आपटावं?

“इंग्रजी शब्दच नको,” स्वप्नाली वैतागून म्हणाली. “आपले ठेवू. टर्न म्हंजे पाळी.”

मग महादेवी म्हणाली, “आता गुरुलिंगची पाळी आली,” आणि हसून हसून चटईवर आडवी झाली. गुरुलिंगचे कान लाल झाले. मराठीत कालव्याच्या पाण्यालाही पाळी असते आणि कारखान्यालाही असते, पण विशीतल्या पोरापोरींसमोर हा शब्द काढून बघा, एकच अर्थ शिल्लक राहतो. पाळी गेली. डाव म्हणावं तर तो अख्ख्या खेळाचा. फेरी म्हणावं तर, “फेरी म्हंजे मम्मीची नांदेड-मुखेड,” असं स्वप्नालीच म्हणाली. बारी म्हटलं तर गुरुलिंगला ते हिंदी वाटलं.

“अरे सोपं तर हाय,” स्वप्नाली बोटांवर मोजत सांगत होती. “सगळ्यायचं एकेकदा करून झालं की मग परत पयल्यापासून. मधीच कुणी पुढं पळायचं न्हाई, कुणाला मागं सोडायचं न्हाई. अशाला काय म्हनतेत?”

चांगुणाबाई ताठ झाली. तीस वर्षं जी गोष्ट ती धुऱ्यावर उभी राहून बायांना सांगत आली, तीच ही पोरगी सांगत होती!

“पा...” ती म्हणाली.

गुरुलिंग चांगल्या वळणाचा पोरगा. उठला आणि पाणी घेऊन आला.

चांगुणाबाईनं ग्लास बाजूला सारला. “पा... पा...”

“पान पायजे का आज्जी?” महादेवीनं विचारलं. “पाय दुकतेत?” स्वप्नाली म्हणाली. गुरुलिंगनं ग्लास पुन्हा पुढं केला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हेच. चांगुणाबाईचा संताप झाला. ती बाजेवरून उतरली. पोरं ‘आज्जी पडतील, आज्जी पडतील’ करत उठली, पण ती पडली नाही, चटईवर नीट मांडी घालून बसली. कोपऱ्यातल्या टोपलीतून लसणाच्या तीन पाकळ्या तिनं घेतल्या आणि चटईच्या कडेला ओळीनं मांडल्या. पहिली पाकळी सरकवत पलीकडच्या कडेला नेली. दुसरी नेली. मग पहिलीला एकटीलाच परत वळायची घाई झाल्यासारखं दाखवून तिच्यावर बोट दाबून धरलं. तिसरी रखडत, थांबत, सावकाश कडेला आली. तेव्हा कुठं बोट उचललं आणि तिन्ही एकदम मागं वळवल्या.

महादेवी ओरडली, “पात! आज्जी, ही तर पात हाय! आमच्या रानात बाया धरतेत ती!”

चांगुणाबाईनं मांडीवर थाप मारली. ‘हाव, हाव’ असं नुसत्या मानेनं सांगितलं. तिला आनंद झाला, अगदी मनापासून झाला. पण त्या आनंदाला बारीकसं कुसळ होतंच. शब्द तिचा होता, आणि तोही शेवटी दुसरीनंच तिच्या तोंडातून काढून घेतला होता.

“मग पात म्हंजे राऊंड,” स्वप्नाली म्हणाली. “आणि आज्जी, पातीत एकेकीचं जे आपापलं काम असतंय, त्याला काय म्हनायचं?”

चांगुणाबाईनं खुरपं धरल्यासारखी मूठ वळली आणि वर केली. महादेवीचं तोंड उघडलं. चांगुणाबाईनं दुसऱ्या हाताचं बोट सरळ तिच्या ओठांवर ठेवलं.

म्हातारी तोंड उघडून बसली, कपाळाची शीर तटतटली, ‘हा’ आला आणि थांबला. बाहेरून भंगारवाल्याचा गाडा ओरडत गेला. गुरुलिंग अंगठ्याचं नख खाऊ लागला. महादेवी आपलेच ओठ चावत होती. कुणीही पाणी आणलं नाही.

“...त,” चांगुणाबाई म्हणाली. “हात.”

‘सपू’ सोडलं तर लकव्यानंतर तिनं स्वतः पुरा केलेला हा पहिला शब्द. स्वप्नालीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते वहीकडे बघत लपवलं आणि वहीच्या मागच्या पानावर लिहून टाकलं: सगळ्यांचे हात झाले की एक पात. ज्याचा हात चालू असेल त्याच्या हातात दुसऱ्यानं तोंड घालायचं नाही. गुरुलिंगची ढाल एक पात टिकणार. गुरुलिंगनं थोडी कुरकुर केली, पण आज्जीसमोर त्याचं चाललं नाही.

पुढच्या रविवारपासून चांगुणाबाईही खेळात बसू लागली. तिला कुणी राणी-बिणी केलं नाही. गोष्टीत ती खुरपं हातात धरलेली बाईच होती. तिचा हात आला की तीन-तीन, चार-चार मिनिटं लागायची. पण पुस्तकाप्रमाणं अख्खी पात सहा सेकंदांची, त्यामुळं गोष्टीतला राक्षस बिचारा गदा उगारून ताटकळत उभा राहायचा आणि त्याला वाटायचं आत्ताच तर उगारली. म्हातारीच्या तोंडून शब्द फुटेपर्यंत जगातलं एकही घड्याळ पुढं सरकायचं नाही. लकवा झाल्यापासून असा निवांत वेळ तिला कुणी दिला नव्हता. एकदा तिनं पाच मिनिटं घेऊन तीन शब्द सांगितले, “मशाल... इझवा... की.” राक्षसाला अंधारात दिसत नव्हतं हे पोरांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या दिवशी गुरुलिंगनं आज्जीच्या पायाला हात लावला.

पण संध्याकाळी लेक आली की पुन्हा तेच. “पा...” आणि ग्लास हजर. स्वप्नालीनं एकदा सांगून बघितलं, “मम्मी, आज्जीला बोलू दे ना पूर्ण.”

“बोलू देते की. मी कवा न्हाई म्हनले?” बुद्धप्रिया म्हणाली, आणि तिला खरंच तसं वाटत होतं. रविवारी तिला नेमकी ड्यूटी असायची, त्यामुळं खेळ तिनं कधी पाहिलाच नव्हता.

एका रविवारी तिची दुपारची ड्यूटी बदलून सकाळची झाली आणि ती दीडच्या सुमाराला घरी आली. खांद्याला पर्स, हातात मेथीची जुडी. पोरांकडे बघून जेमतेम हसली आणि खाकी न बदलताच स्वयंपाकघरात शिरली. चांगुणाबाई कान देऊन ऐकत होती. बाई पातीत मागं राहिली की खुरपं आपटायला लागते, हे तिला तीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. आत डबा आपटला. मग ताट. मग पातेल्याचं झाकण खाली पडलं आणि ते उचलायला कुणी वाकलंच नाही.

इकडं लढाई चालू होती आणि हात चांगुणाबाईचा होता. समोर नदीतून वर आलेली भली मोठी मगर. पोरं तिच्या तोंडाकडे बघत होती. चांगुणाबाई मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत होती.

“पा...” ती म्हणाली.

बुद्धप्रिया ग्लास भरून घेऊन आलीच. “घे माय.”

“मम्मी, थांब,” स्वप्नाली म्हणाली.

“अगं तहान लागली तिला.”

“मधी बोलू नको. आज्जीचा हात चालू हाय.”

“कसला हात?”

“पातीतला,” महादेवी म्हणाली. “पात चालू हाय, मावशी.”

हा शब्द बुद्धप्रियानं किती वर्षांत ऐकला नव्हता. ती होती तिथंच थांबली. ग्लास हातात तसाच.

“पा...” चांगुणाबाई पुन्हा म्हणाली. गुरुलिंगला खात्री होती की आज्जी म्हणणार, पाण्यात उडी घ्या. महादेवीला वाटत होतं, पाठीमागून मारा. दोघंही एक अक्षर बोलली नाहीत. बुद्धप्रियाच्या ओठांवर तिकीट तयार होतं, पण स्वप्नालीनं तळहात वर धरला होता, गाडी अडवावी तसा. एवढ्या वेळात तिनं अर्ध्या गाडीची तिकिटं काढली असती. तिनं आईकडे पाहिलं. सबंध सालात ती आईच्या तोंडाकडे अशी बघत उभी राहिलीच नव्हती. ओठ कसे थरथरतात, जीभ टाळूला लागून कशी परत येते, डोळे कसे आपल्यावरच लागलेले असतात, हे तिनं आज पहिल्यांदा पाहिलं.

“...रू,” चांगुणाबाई म्हणाली. “पारू.”

ग्लास हिंदकळला आणि पाणी खाकीवर सांडलं.

“माय...” बुद्धप्रियाच्या तोंडून निघालं. “माय, तुला...”

“मावशी, थांबा,” गुरुलिंग दबक्या आवाजात म्हणाला. कायदा म्हणजे कायदा. “त्यायचा हात संपला न्हाई आजून.”

आणि खरंच संपला नव्हता. चांगुणाबाईनं श्वास घेतला. आता तिला कशाची घाई नव्हती. मगर नदीकाठी जबडा वासून उभी होती, ती राहिली असती उभी संध्याकाळपर्यंत.

“हात...” ती म्हणाली. आणि मग एकेक अक्षर धुऱ्याकडे सरकवत, “ला... वू... का?”

बुद्धप्रियाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. तिनं ते पुसलंही नाही. तिला काय काय आठवलं ते तिचं तिला माहीत. पण दहा वर्षांची असल्यापासून जो एक शब्द तिनं घशात अडवून धरला होता, तो आज आडवं काही न येता बाहेर आला.

“लाव,” ती म्हणाली. “लाव, माय.”

ती आत गेली, मेथीची जुडी घेऊन आली आणि आईच्या मांडीवर ठेवली. मग भिंतीला टेकून चटईवरच बसली. चांगुणाबाईनं डाव्या हातानं जुडीचा दोरा सोडला आणि पहिली काडी खुडायला घेतली. पोरं कुठं बघावं ते न कळून फाशाकडे बघत होती.

“आता कुनाचा हात?” गुरुलिंगनं हळूच विचारलं.

“मम्मीचा,” स्वप्नाली म्हणाली.

बुद्धप्रियानं ग्लासात उरलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण शब्द येईना. चांगुणाबाई मेथी खुडत राहिली, आणि सगळे लेकीच्या बोलण्याची वाट बघत शांत बसून राहिले.